संदर्भांची मोजदाद आणि जॉन बेल यांचा सहा पानांचा निबंध

विद्वानाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न तसा जुनाच आहे. पूर्वी वादसभेतील जय, शिष्यपरंपरा आणि राजाश्रय ही त्याची गमके मानली जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानाच्या क्षेत्रात एक नवे गमक पुढे आले. संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले आणि त्या निबंधांचा उल्लेख पुढच्या किती संशोधकांनी आपल्या संदर्भटिपांत केला, हे मोजावयाचे आणि त्यावरून त्याच्या कार्याचा प्रभाव ठरवावयाचा. आज ही मोजदाद संगणक क्षणार्धात करतो. अनेक देशांत नेमणुका, बढत्या आणि संशोधनाची अनुदाने तिच्यावर अवलंबून असतात. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या प्रसिद्ध लेखनाला गुण देण्याची पद्धत आणली आणि हा विषय कला शाखेच्या दाराशी येऊन ठेपला. तेव्हा पदार्थविज्ञानातील एक उदाहरण आपल्या वार्षिकात आले, तर ते कोणास परके वाटू नये.

हे उदाहरण आहे जॉन स्टुअर्ट बेल या पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) अभ्यासकाचे. ते निवडण्याचे कारण असे की, त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निबंध आणि संदर्भ मोजण्याचे साधन ही दोन्ही १९६४ च्या सुमारास जगापुढे आली. निबंध आणि त्याला मोजणारी पट्टी एकाच वयाची! त्या पट्टीने हा निबंध कसा मोजला, केव्हा मोजला आणि काय मोजावयाचे राहून गेले, हे पाहणे उद्बोधक आहे.

मोजदादीचा उगम

संदर्भसूचीची कल्पना मुळात वकिलीच्या व्यवसायातली आहे. एखादा जुना निवाडा न्यायालयापुढे ठेवण्याआधी वकिलाला हे पाहावे लागते की, नंतरच्या न्यायाधीशांनी तो उचलून धरला आहे की फिरवला आहे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ पासून अशा नोंदी छापावयास सुरुवात केली. कोणत्या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निवाड्यांत आला, ते तेथे एका दृष्टिक्षेपात कळे.

युजीन गारफील्ड या ग्रंथालय-अभ्यासकाने हीच युक्ती विज्ञानाला लावावी असे सुचविले. 'सायन्स' या साप्ताहिकातील त्याचा लेख १९५५ चा आहे. पुढे त्याने फिलाडेल्फिया येथे संस्था काढली आणि 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची तयार केली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या सहाशेहून अधिक नियतकालिकांतील संदर्भटिपा तिच्या पहिल्या खंडांत एकत्र केलेल्या होत्या. १९६४ पासून ती नियमितपणे निघू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. गारफील्डचा मूळ हेतू शोधण्याचा होता, तोलण्याचा नव्हता. माझ्या विषयावरील एक जुना लेख मला ठाऊक आहे, तर त्याच्या आधारे पुढे कोणी काय लिहिले हे मला सापडावे, एवढ्यासाठी ही सूची. पण यादी आली की बेरीज आलीच. कोणाच्या नावापुढे किती नोंदी आहेत हे मोजण्याचा मोह अनावर ठरला आणि वाचकाचे साधन हळूहळू परीक्षकाचे साधन झाले.

बेल यांचा जीवनक्रम

जॉन बेल यांचा जन्म २८ जुलै १९२८ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. भावंडांपैकी चौदाव्या वर्षानंतर शाळेत राहू शकले ते एकटे जॉनच. सोळाव्या वर्षी शालेय शिक्षण संपले, तेव्हा विद्यापीठात प्रवेश घेण्यास वय कमी पडत होते. म्हणून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात, ज्या विभागात पुढे शिकावयाचे तेथेच, त्यांनी वर्षभर प्रयोगशाळा-साहाय्यकाची नोकरी केली. १९४८ मध्ये प्रायोगिक पदार्थविज्ञानाची आणि १९४९ मध्ये गणिती पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी मिळविली.

त्यानंतर ते हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात आले. तेथे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे त्वरकांच्या, रचनेचे गणित त्यांच्याकडे होते. १९५४ साली मेरी रॉस या पदार्थवैज्ञानिक स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९५६ साली मिळाली. १९६० मध्ये दोघेही जिनिव्हाच्या 'सर्न' या युरोपीय संशोधनकेंद्रात दाखल झाले. १ ऑक्टोबर १९९० रोजी अकस्मात मृत्यू येईपर्यंत बेल तेथेच होते.

त्यांना वेतन मिळे ते मूलकणांच्या सिद्धांतासाठी आणि त्वरकांच्या कामासाठी. पुंजयामिकीच्या पायाभूत प्रश्नांचा विचार हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. ज्या कामासाठी आज जग त्यांना ओळखते, ते त्यांच्या नोकरीचे काम नव्हते.

प्रश्न काय होता?

१९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये एक निबंध लिहिला. एकत्र जन्मलेले दोन कण एकमेकांपासून दूर गेले, तरी एकावर केलेल्या मापनावरून दुसऱ्याविषयी निश्चित विधान करता येते, असे पुंजयामिकी सांगते. मग दुसऱ्या कणाचे ते गुणधर्म आधीच ठरलेले असले पाहिजेत. पुंजयामिकी ते सांगत नसेल, तर ती अपूर्ण आहे, असा त्यांचा युक्तिवाद. नील्स बोर यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले आणि बहुतेकांनी वाद मिटला असे धरले.

वाद मिटला असे मानण्यास आणखी एक आधार होता. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९३२ च्या आपल्या जर्मन ग्रंथात असे सिद्ध केले होते, निदान तसे समजले जात होते, की पुंजयामिकीच्या मागे दडलेली निश्चित मूल्ये असूच शकत नाहीत. पुढची तीस वर्षे हा दाखला आप्तवाक्यासारखा दिला गेला.

आता गंमत अशी की, या सिद्धतेतील दोष १९३५ मध्येच दाखविला गेला होता. दाखविणारी ग्रेटे हेरमान ही एमी नोएथर यांची शिष्या. गणित शिकून तत्त्वज्ञानाकडे वळलेली. तिचा निबंध जर्मन भाषेत आणि तत्त्वज्ञानाच्या एका लहानशा नियतकालिकात आला. पदार्थवैज्ञानिकांनी तो वाचलाच नाही. कित्येक दशके त्याची दखल जवळजवळ कोणीही घेतली नाही. संदर्भांच्या मोजणीत हेरमानच्या त्या निबंधाला शून्याच्या जवळपासचा आकडा मिळाला असता; आणि फॉन नॉयमनच्या सदोष सिद्धतेला भरघोस! कला शाखेच्या वाचकाने ही घटना विसरू नये. योग्य हरकत तत्त्वज्ञानाच्या पानावर छापलेली होती. आपल्या विषयाबाहेरचे वाचण्याची सवय पलीकडच्यांना नव्हती, एवढेच.

बेल यांनाही हा निबंध ठाऊक नव्हता. त्यांना जर्मन येत नव्हते. फॉन नॉयमनचा ग्रंथसुद्धा १९५५ साली इंग्रजी भाषांतर होईपर्यंत त्यांना वाचता आला नाही. तोवर हार्वेलचे सहकारी फ्रान्झ मांडल यांच्याकडून त्यांनी त्याचा आशय समजून घेतला होता. दरम्यान १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी नेमकी तसली, म्हणजे 'अशक्य' ठरविलेली, उपपत्ती मांडून दाखविली होती. अशक्य गोष्ट कोणी करून दाखविली, तर अशक्यतेच्या सिद्धतेतच कोठेतरी खोट असली पाहिजे. हा साधा विचार बेल यांच्या मनात दहा-बारा वर्षे घोळत राहिला.

निबंधाचा आशय

१९६३-६४ मध्ये बेल 'सर्न'मधून रजा घेऊन अमेरिकेत गेले. स्टॅनफर्ड, विस्कॉन्सिन आणि ब्रँडाइस येथील त्या वर्षाच्या मुक्कामात त्यांनी दोन निबंध लिहिले. पहिल्यात फॉन नॉयमनच्या सिद्धतेतील दोष दाखविला. दुसऱ्यात १९३५ चा वाद कागदावरून प्रयोगशाळेत नेण्याचा मार्ग सांगितला. दुसऱ्याचे मर्म गणिताशिवायही समजण्याजोगे आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड मर्मिन यांनी १९८१ मध्ये त्याची एक सुलभ मांडणी केली होती. तिच्या धर्तीवर आपण परीक्षागृहाचा दाखला घेऊ.

अशी कल्पना करा की, दोन जुळे भाऊ परीक्षेला बसले आहेत. एक पुण्याच्या केंद्रात, दुसरा नागपूरच्या. प्रश्न एकूण तीनच आणि उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला तिन्हींपैकी कोणताही एक प्रश्न चिठ्ठी टाकून विचारला जातो. बोलण्यास वाव नाही आणि दूरध्वनीही नाही. शेकडो फेऱ्या झाल्यावर परीक्षकांना दिसते की, दोघांना एकच प्रश्न आला तर उत्तर हमखास सारखे येते.

परीक्षक म्हणतील, यात नवल ते काय? प्रत्येक फेरीआधी दोघांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठरवून ठेवली आहेत. ठीक आहे. आता हिशेब करू. उत्तरे दोनच प्रकारची आणि प्रश्न तीन. तेव्हा ठरविलेल्या तीन उत्तरांपैकी निदान दोन सारखी असणारच. तिन्ही सारखी असतील, तर वेगवेगळे प्रश्न आले तरी उत्तरे नेहमी जुळतील. दोनच सारखी असतील, तर वेगळ्या प्रश्नांच्या तीन जोड्यांपैकी एका जोडीत जुळतील. म्हणजे वेगवेगळे प्रश्न आलेल्या फेऱ्यांत उत्तरे जुळण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाहून कमी होऊच शकत नाही. उत्तरे कशीही ठरवा, यातून सुटका नाही.

जुळ्या भावांच्या जागी प्रकाशाचे दोन कण आणि तीन प्रश्नांच्या जागी परस्परांशी साठ अंशांचा कोन करणाऱ्या तीन दिशा घेतल्या, तर पुंजयामिकी काय भाकीत करते? एकच दिशा असेल तर उत्तर नेहमी सारखे. वेगळ्या दिशा असतील तर एक-चतुर्थांश वेळा सारखे. एक-चतुर्थांश हे एक-तृतीयांशाहून कमी आहे. तेव्हा एक तर पुंजयामिकी चुकीची, किंवा उत्तरे आधीच ठरलेली असतात आणि दूरच्या मापनाचा इकडे परिणाम होत नाही, ही आपली समजूत चुकीची. निर्णय प्रयोगाने करावयाचा. बेल यांचे गणित याहून व्यापक आहे. परंतु 'बेल यांची असमता' म्हणून जी ओळखली जाते, तिचा गाभा हाच.

छपाईची कथा

हा निबंध कोठे छापला गेला, ही हकीकत संदर्भ मोजणाऱ्यांनी अवश्य वाचावी. अमेरिकेतील नामांकित नियतकालिके त्या काळी लेखकाकडून छापील पानांमागे शुल्क घेत आणि ते सामान्यतः लेखकाची संस्था भरे. बेल तर पाहुणे. आपल्या या छंदाचा खर्च यजमान विद्यापीठाला मागणे त्यांना संकोचाचे वाटले. फिलिप अँडरसन आणि बर्न्ड माथियास यांच्या संपादकत्वाखाली त्याच वर्षी 'फिजिक्स' नावाचे नवे नियतकालिक निघाले होते. त्याचे नाव मुखपृष्ठावर इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन अशा तीन भाषांत असे. ते शुल्क घेत नसे. उलट लेखकाला थोडे मानधन देई. मात्र लेखाच्या सुट्या प्रती विकत घ्याव्या लागत, त्यामुळे हिशेब जवळपास बरोबरीत सुटला, असे बेल पुढे सांगत. पहिल्या खंडाच्या १९५ ते २०० या सहा पानांत निबंध आला. चार वर्षांत, १९६८ मध्ये, नियतकालिक बंद पडले.

आधी लिहिलेल्या निबंधाची गत आणखी मौजेची झाली. तो 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'कडे गेला. संपादकांचे पत्र बेल यांना मिळाले नाही, कारण ते स्टॅनफर्डला गेले आणि बेल तोवर जिनिव्हाला परतले होते. कागद भलत्याच ठिकाणी पडून राहिले आणि निबंध १९६६ मध्ये छापला गेला. त्याच्या शेवटी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर वाचकांना दोन वर्षे आधीच, पण दुसरीकडे, मिळालेले होते!

मौनाची वर्षे

अल्पायुषी नियतकालिक, मिटला असे समजलेला विषय आणि लेखक त्या विषयाचा अधिकृत पंडित नव्हे. मग व्हावयाचे तेच झाले. पहिल्या चार-पाच वर्षांत या निबंधाचे उल्लेख बोटांवर मोजण्याइतकेच झाले. त्या काळात कोणी बेल यांच्या बढतीचा विचार केवळ या निबंधाच्या आकड्यावरून केला असता, तर अर्ज बाजूला पडला असता.

कोलंबिया विद्यापीठातील जॉन क्लाउसर या तरुणाच्या हाती हा निबंध लागला आणि प्रयोग करून पाहावा असे त्याला वाटले. १९६९ मध्ये त्याने बेल यांना पत्र लिहिले. आपल्या सिद्धांतावर आलेला हा पहिलाच थेट प्रतिसाद, असे बेल यांनी कळविल्याचे क्लाउसर सांगत असे. म्हणजे पाच वर्षांनी एक पत्र! त्याच वर्षी क्लाउसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी असमतेला प्रयोगास सोयीचे रूप दिले. १९७२ मध्ये बर्कली येथे स्टुअर्ट फ्रीडमन आणि क्लाउसर यांनी पहिला प्रयोग केला. पुंजयामिकी हरेल अशी क्लाउसरला आशा होती. निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे त्याने प्राध्यापकाच्या जागेसाठी खटपट केली. पण ज्या विषयाला 'खरे पदार्थविज्ञान' समजले जात नव्हते, त्यावर काम केलेल्या माणसाला ती मिळाली नाही.

या विषयावरची चर्चा त्या काळी कोठे चाले? स्वित्झर्लंडमधून १९७३ ते १९८४ या काळात 'एपिस्टेमॉलॉजिकल लेटर्स' नावाचे टंकलिखित आणि चक्रमुद्रित पत्रक निघे आणि ठराविक मंडळींना टपालाने पाठविले जाई. बेल, शिमोनी, क्लाउसर यांनी त्यात लिहिले. त्याचे उल्लेख कोणती सूची मोजणार? आपल्या हस्तलिखित आणि सायक्लोस्टाइल अंकांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. भारतातही या प्रश्नाची दखल घेतली गेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बेल-असमतांवर काम केले.

१९७५ मध्ये आलाँ आस्पे हा फ्रेंच तरुण आपल्या प्रयोगाची योजना घेऊन बेल यांना जिनिव्हात भेटला. सगळे ऐकून घेतल्यावर बेल यांनी पहिला प्रश्न विचारला तो पदार्थविज्ञानाचा नव्हता. तुमची नोकरी कायम आहे ना, असे त्यांनी विचारले. आस्पेची नोकरी कायम होती, म्हणून बोलणे पुढे गेले. बेल यांच्या स्वभावाची आणि त्या काळाची याहून बोलकी साक्ष दुसरी नसेल. आपला विषय तरुणाच्या पोटावर पाय आणू शकतो, हे त्या विषयाच्या जनकालाच पक्के ठाऊक होते. आस्पे आणि सहकाऱ्यांचे प्रयोग १९८१-८२ मध्ये ओर्से येथे झाले आणि तेव्हापासून विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली.

१९९१ मध्ये आर्तूर एकर्ट यांनी बेल यांच्या सिद्धांताच्या आधारे गुप्त संदेशांची किल्ली सुरक्षित ठेवण्याची रीत सुचविली. तत्त्वचर्चेला उपयोग सापडला आणि उल्लेखांचा पूर आला. आज त्या सहा पानांच्या उल्लेखांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली आहे. २०१५ मध्ये डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि बोल्डर येथील प्रयोगांनी उरल्यासुरल्या मोठ्या पळवाटा बंद केल्या. डेल्फ्टच्या प्रयोगात दोन टोकांमधील अंतर १.३ किलोमीटर होते. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउसर आणि अँटोन झायलिंगर यांना विभागून मिळाले. बेल जाऊन तोवर बत्तीस वर्षे झाली होती. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही.

त्याच लेखकाचा दुसरा निबंध

संदर्भमोजणी सर्वस्वी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष येथे घाईने काढला जाईल. तो न्याय्य होणार नाही. १९६९ मध्ये बेल आणि रोमन जॅकिव्ह यांनी मूलकणांच्या क्षेत्रात एक निबंध लिहिला. स्टीफन अ‍ॅडलर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तोच शोध लावला होता. पायॉन नावाच्या कणाचे दोन प्रकाशकणांत जे विघटन होते, त्याच्या गणितातील एक कोडे या निबंधांनी सोडविले. त्याची दखल घेण्यास फार काळ लागला नाही. दोन-चार वर्षांतच नव्या क्षेत्रसिद्धांताच्या उभारणीत त्याला मानाचे स्थान मिळाले.

माणूस तोच, बुद्धी तीच. मग एका निबंधाला पाच वर्षांत एक पत्र आणि दुसऱ्याची चटकन दखल, असे का? कारण दुसऱ्या निबंधाचा वाचकवर्ग आधीच तयार होता; त्याची नियतकालिके, परिषदा आणि प्रयोगशाळा चालू होत्या. पहिल्याचा वाचकवर्ग निबंधानेच निर्माण करावयाचा होता. आकडा लेखकाविषयी जेवढे सांगतो, तेवढेच तो वाचकांच्या गर्दीविषयीही सांगतो. चालू रस्त्यावरचे दुकान आणि आडवाटेचे दुकान यांच्या गिऱ्हाइकांची संख्या ताडून मालाची प्रत ठरवीत नाहीत.

दीर्घकाळ दुर्लक्षित राहून मग एकाएकी उजेडात येणाऱ्या निबंधांना नेदरलँड्सचे अभ्यासक फान रान यांनी २००४ मध्ये परीकथेतील 'निद्रिस्त सुंदरी'चे नाव दिले. आपल्याकडे गुहेत युगानुयुगे झोपलेल्या मुचकुंदाची आठवण कोणासही होईल. आइन्स्टाइन प्रभृतींचा १९३५ चा निबंध अशा निबंधांत फार वरच्या क्रमांकावर गणला जातो, आणि त्याला जागे करण्याचे श्रेय मुख्यतः बेल यांच्या सहा पानांकडेच जाते.

आकडे काय सांगतात?

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पदार्थवैज्ञानिक होर्खे हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याचे दहा निबंध प्रत्येकी निदान दहादा उल्लेखिले गेले आहेत, त्याचा निर्देशांक दहा. वीस निबंध वीस वेळा, तर वीस. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या कायम नेमणुकीसाठी बारा आणि पूर्ण प्राध्यापकपदासाठी अठराच्या आसपास निर्देशांक असावा, असेही त्यांनी सुचविले होते. आता क्षणभर असे समजा की, बेल यांनी आयुष्यात १९६४ आणि १९६६ चे ते दोनच निबंध लिहिले असते. उल्लेख कितीही हजार झाले, तरी त्यांचा एच-निर्देशांक दोन! या मापाने त्यांना कायम नोकरीही मिळाली नसती. पुढे २०२० मध्ये खुद्द हिर्श यांनीच आपल्या निर्देशांकाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, असे लिहिले.

या सगळ्यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उल्लेख उशिरा येतात. नोकरीचा निर्णय मात्र तीन-चार वर्षांत करावयाचा असतो. दोन्ही काळांचे गणित जुळत नाही. दुसरी, उल्लेख कोणत्या अर्थाने केला आहे हे बेरजेत दिसत नाही. आधारासाठी केलेला, खंडनासाठी केलेला आणि केवळ रीत म्हणून केलेला असे सर्व उल्लेख तेथे सारखेच. वकिलांच्या जुन्या सूचीत निवाडा उचलला की फिरवला याची खूण तरी असे. तिसरी, फार मोठे यश उल्लेखाला खाऊन टाकते. न्यूटनचे गतिनियम वापरताना त्याच्या ग्रंथाचा पृष्ठांक कोणी देत नाही. 'बेल यांची असमता' हे शब्दही आता मूळ निबंधाचा उल्लेख न करता सर्रास वापरले जातात. चौथी, सूचीत जे नियतकालिक नाही, ते तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. ग्रेटे हेरमानचे झाले ते मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचे होऊ शकते.

समारोप

बेल यांचा निबंध कोणत्या मार्गाने जगापुढे आला, याचा क्रम लावून पाहिला तर त्यात आकड्याचे स्थान सर्वांत शेवटी आहे. प्रथम एका माणसाने दहा-बारा वर्षे एक शंका सोडली नाही. मग एका तरुणाने बंद पडलेल्या नियतकालिकातला लेख ओळन् ओळ वाचला. मग चौघांनी तो प्रयोगायोग्य केला, दोघांनी प्रयोग केला, काहींनी सायक्लोस्टाइल पत्रकांतून वाद चालू ठेवला. हे सारे होत असताना सूचीतील आकडा क्षुल्लक होता. दहा हजार उल्लेख आले ते निर्णय लागल्यानंतर.

म्हणून संदर्भसूची वापरावी ती गारफील्डने योजली होती त्या कामासाठी, म्हणजे वाट शोधण्यासाठी. एखादा लेख आवडला तर त्याच्या मागे कोण होते आणि पुढे कोण आले, हे तिच्यावरून अवश्य पाहावे. मात्र नेमणुकीच्या टेबलावर अर्ज आला असता, त्यातले निदान दोन निबंध परीक्षकाने स्वतः वाचावेत. हे काम सूची त्याच्यासाठी करू शकत नाही. विद्यार्थ्यांसाठीही यातून एक साधी गोष्ट निघते. ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात बंद पडलेल्या नियतकालिकांचे बांधीव खंड धूळ खात पडलेले असतात. त्यांतला एखादा खंड वर्षातून एकदा तरी काढून आपल्या विषयाबाहेरचा एक लेख मनापासून वाचावा. क्लाउसरने १९६४ च्या त्या सहा पानांच्या बाबतीत याहून वेगळे काही केले नव्हते.